कागदासाठी केलेली गार हवा

आत्ती, तुला गार सोसायचं नाही आणि माझं पोट गार हवेवर. एवढ्या एका गोष्टीवरून आपण किती भांडलो! निपाणीत भर उन्हाळ्यात, डोक्यावरचा पत्रा भाजत असताना, तू कानाला फडकं गुंडाळून बसायचीस आणि मी मस्कतहून फोनवर विचारायचो, "आत्ती, पंखा तरी लावलाईस काय?" तू म्हणायचीस, "लावलाय की." आणि मागं पंख्याची घरघर काही ऐकू यायची नाही. मला घरघर ओळखता येते हे तुला ठाऊक होतं, तरी म्हणायचीस.

तू गेलीस त्या सकाळी मी एका इमारतीच्या गच्चीवर होतो, एसीची मशीनं धूत. तानाजीदादाचा फोन आला. तुझा मुलगा कधी कामाच्या वेळेत फोन करत नाही, त्यामुळं नाव दिसलं तेव्हाच मी हातातला पाण्याचा पाइप खाली ठेवला. तो रडला नाही. कुणीतरी सांगून दिल्यासारखं एका दमात बोलला.

"आई गेली रं परशा. झोपेतच. हे बघ, तुला यायला उद्याची संध्याकाळ होणार. फ्रीजरची पेटी मिळतीया. ती आणून तुझ्यासाठी थांबायचं, का दुपारला न्यायचं? सगळी म्हणालीत, परशाला इचारा. आईचा जीव तुझ्यावर, आणि पेटी बी तुझ्याच धंद्यातली. तूच सांग."

मी जे सांगितलं, त्यापायी हे लिहायला बसलोय. आठवीत शाळा सोडलेल्या माणसानं लिहायला बसावं असं काय होतं, तर हेच. मी बरोबर सांगितलं का, हे जिला विचारायचं ती तू, आणि तूच नाहीस.

तुला आठवतं का, आत्ती, खानापूरहून मला घेऊन तू बेळगावला आलीस तो दिवस? शाळा सुटली होती. घरात ठरलं होतं की मी लाकडाच्या डेपोत जायचं. तू निपाणीहून आलीस, आप्पांना म्हणालीस, "दादा, ह्याला लाकडं उचलाय लावलास तर हे मुंगीला बी वाट देत उभं ऱ्हाईल." तुझ्या सख्ख्या भावाला, आप्पांना, त्या दिवशी हसू आवरलं नाही. मग एसटीत बसवून तू मला बेळगावच्या कॅम्पात आणलंस. तुझ्या तंबाखूच्या वखारीतल्या एका बाईच्या ओळखीनं एक फ्रीज दुरुस्तीचं दुकान तुला कळलं होतं. दुकानदार नाही म्हणाला. मी म्हणालो, चल जाऊया. तू पायरीवर बसलीस, पिशवीतून भाकरी काढलीस, मला दिलीस आणि त्याला म्हणालीस, "उस्ताद, पोरगं भित्रं हाय, खोटं सांगत न्हाय. पण करंटचं काम हाय तुमचं. भ्यालेला माणूस तार दोनदा बघतो. न भ्यालेला एकदाच."

उस्तादांनी मला ठेवून घेतलं.

मी आजही तार दोनदा बघतो. इथले माझे सोबती चेष्टा करतात. दार लावलं का म्हणून मी जिना चढून परत जातो, गॅसचा काटा पाहिलेला परत पाहतो, घरच्यांनी फोन दोनदा उचलला नाही तर परत परत लावत बसतो. ज्या स्वभावाबद्दल मी सगळीकडं बोलणी खाल्ली, त्याला तू पहिल्यांदा लायकी म्हणालीस. तीही अनोळखी माणसासमोर, माझ्या तोंडात भाकरी असताना.

आणि मग आपला शुक्रवार. इथं शुक्रवारी सुटी, म्हणून तो आपला फोनचा दिवस. तुला कमी ऐकू यायचं, मी ओरडून बोलायचो, तू फोन स्पीकरवर टाकून उशीजवळ ठेवायचीस. "जेवलास काय, आंघोळ केलीस काय" झालं की बोलणं संपायचं. मला ते संपू द्यायचं नसायचं. म्हणून मी गोष्टी आणायला लागलो. जेवणाच्या सुटीत मोबाईलवर बघायचो, रोज हाताळतो त्या वस्तू पहिल्यांदा कुणी केल्या, कशासाठी केल्या. बघता बघता कळलं की निम्म्याहून अधिक वस्तू एकाच काळातल्या. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जगात कसलं वारं सुटलं होतं कोण जाणे, जो तो काहीतरी करून पेटंट घेत होता.

"पेटंट म्हंजे?" तू विचारलंस.

"म्हणजे सरकारचा कागद, आत्ती. ही अक्कल माझी, एवढी वर्षं दुसऱ्या कुणी वापरायची नाही."

"आणि वर्षं सरल्यावर?"

"सगळ्यांची."

"मग बरं हाय."

तेव्हापासून फोन उचलला की तुझा पहिला प्रश्न, "आज काय आणलंस?"

दाढीच्या ब्लेडची गोष्ट तुला पटली नाही. वापरून टाकून द्यायची वस्तू केली म्हणजे गिऱ्हाईक परत परत येतं, असं त्या माणसाच्या डोक्यात आलं, हे मी मोठ्या कौतुकानं सांगितलं. "हुशार न्हवं, लबाड त्यो," तू म्हणालीस. "पण फसला. आमच्यात कोण टाकतंय?" खरंच. घरी तुझ्या मालकांच्या दाढीचं ब्लेड तुझ्या शिवणाच्या डब्यात यायचं, तिथून नखं काढायला, आणि गंज चढल्यावर पोत्याची सुतळी कापायला.

एका बाईनं पोराच्या वहीतला टीपकागद फाडून कॉफी गाळली आणि त्याचं पेटंट घेतलं, ही गोष्ट तुला आवडली. "पोरानं बोंब मारली असंल," एवढंच बोललीस आणि खोकला येईपर्यंत हसलीस.

पण तू अडकलीस ती वायपरवाल्या बाईपाशी. थंडीत बर्फ पडताना ती ट्रामगाडीत बसली होती. काचेवरचं बर्फ काढायला चालकाला सारखी धडपड करावी लागायची. ते बघून तिनं आतून दांडी फिरवून काच पुसायची युक्ती काढली. पेटंट मिळालं. घेऊन कंपनीकडं गेली, तर कंपनी म्हणाली ह्यात काही राम नाही. मुदत संपली. आणि मग हळूहळू प्रत्येक गाडीला तसली दांडी लागली.

"तिला काय मिळालं?"

"काही नाही."

पुढच्या शुक्रवारी मी थर्मासची गोष्ट आणली होती, पण तू आधी विचारलंस, "त्या पुसणाऱ्या बाईचं पुढं काय झालं रं?" जणू ती गल्लीतली कुणी होती आणि मी तिच्याकडं जाऊन आलो होतो. "काही कळलं न्हाय, आत्ती." त्यानंतर दर महिना-दोन महिन्यांनी तेच. एसटीनं कोल्हापूरला दवाखान्यात गेलीस आणि कोगनोळीच्या पुढं पाऊस लागला, तरी तुला तीच बाई आठवली. "समोर दांडी हालत हुती. डायवराला सांगितलं, ही एका बाईनं केलीया. त्यो म्हणाला, आज्जी, खाली बसा."

मी सुटीवर आलो तेव्हा तुला एसी लावून द्यायचा असं पक्कं करून आलो होतो. वखारीत आयुष्य गेलं तुझं, तंबाखूच्या काड्या निवडण्यात. तो धुरळा छातीत बसला होता. बंद खोली, गाळलेली हवा, तुला बरं वाटेल असं मला वाटलं. तुला न विचारताच मी भिंतीला नळीसाठी भोक पाडलं. तू देवळातनं आलीस, भिंतीकडं बघितलंस, माझ्याकडं बघितलंस.

"हे कशाला?"

तुला पटावं म्हणून मी माझी सगळ्यांत आवडती गोष्ट काढली. एक छापखाना होता. उन्हाळ्याच्या दमट हवेत कागद फुगायचा. एक रंग छापून दुसरा छापेपर्यंत कागदाचा आकार बदलायचा आणि चित्राचे रंग एकमेकांवर बसायचे नाहीत. ते थांबवायला एका इंजिनियरनं हवेतला ओलावा धरून ठेवायचं यंत्र केलं. असं म्हणतात की धुक्यात रेल्वेच्या फलाटावर उभा असताना त्याला ती युक्ती सुचली. तेच पुढं एसी झालं.

"कागदासाठी केलं?"

"हो."

"माणसासाठी न्हवतंच व्हय?"

"नंतर आलं की माणसासाठी."

तू खाली बसलीस. आणि इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतंस ते सांगितलंस. वखारीत पाला वाळला की हात लावताच चुरा होतो, म्हणून त्याला ओलावा लागतो. रानात तो पहाटेच्या दवात गोळा करतात ते ह्याचसाठी. वखारीत मग दारं-खिडक्या लावायची, ओली पोती टांगायची. आणि पंखा नाही. पंख्यानं पाला सुकतो, उडतो. "वैशाखात, परशा, आम्ही बायका तसंच बसायचो. घामानं पातळं अंगाला चिकटलेली. एकीला घेरी आली, तिला बाहीर नेऊन वारा घातला आणि परत आत बसवली. मुकादम वाईट न्हवता. तो बी आतच बसायचा. पर पंखा पाल्याला सोसत न्हवता, म्हणून आमाला न्हवता. तुजा त्यो छापखाना, आणि आमची वखार. हवा पाल्याची, हवा कागदाची. माणसानं उरल्याली घ्यायची."

मी तरी सोडलं नाही. थर्मासची गोष्ट मला आठवत होती. "तो थर्माससुद्धा तुझ्यासाठी नव्हता केलेला. एका शास्त्रज्ञानं प्रयोगशाळेतल्या गार वस्तू गार ठेवायला केला होता. तू त्यात कढत पाणी भरून पितीस न्हवं? मग हे पण तसंच घे."

मला वाटलं जिंकलो. तू चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणालीस, "थर्मासानं कुणाची दारं लावून घेतली न्हाईत."

दुसऱ्या दिवशी माझं विमान होतं. यंत्र दुकानात परत गेलं, भोक तसंच राहिलं. "पुढच्या सुटीत बुजवतो," म्हणालो. तू त्यात जुन्या लुगड्याचा बोळा घातलास. चार दिवसांत तो बोळा निघाला, कारण भिंतीबाहेरच्या कट्ट्यावर बसणाऱ्या शेजारच्या शांताक्काला त्यातनं आरपार ऐकू येतं हे तुमच्या ध्यानात आलं. तुझ्या वखारीतलीच ती, अर्धं आयुष्य तुझ्या शेजारी बसून काड्या निवडलेली. "हिराबाई, च्या झाला काय?" ती भोकातनं विचारायची. "ये की," तू ओरडायचीस. सव्वाशे वर्षांच्या अकलेतनं आपल्या घरात एवढंच आलं, दोन म्हाताऱ्यांना बोलायला एक भोक.

त्या सकाळी शांताक्कानं त्यातनंच हाक मारली होती. उत्तर आलं नाही.

तर दादा फोनवर थांबला होता. मला ती पेटी आतून बाहेरून माहीत आहे, आत्ती. कॅम्पात असताना एक दुरुस्त केली होती. तिचा काँप्रेसर कुठं असतो, पाणी कुठून गळतं, लाईट गेल्यावर ती किती वेळ गारवा धरते, सगळं माहीत. गच्चीवर उभ्या उभ्या माझ्या डोक्यात तेच यायला लागलं. तिथं लाईट जाते, इन्व्हर्टर आहे का, वायर कुठली लावतील, अर्थिंग असेल का. माझं भित्रं डोकं असल्या वेळी असंच चालतं. आणि त्या सगळ्याखाली एकच हाव, मला तुझं तोंड बघायचं होतं.

मग शांताक्काचे मालक गेले तेव्हाचं आठवलं. त्यांच्या मुलीची वाट बघत त्यांना तसल्या पेटीत ठेवलं होतं. त्या शुक्रवारी तू फोनवर म्हणालीस, "काचंतनं तोंड बघाय लागलो बग. दादल्याच्या तोंडावर वाफ धरलेली. शांता सारखी पदरानं काच पुसत हुती, पर वाफ आतनं हुती." आणि जरा थांबून म्हणालीस, "परशा, मला असल्यात घालू नगोस हां. मी काय कागद हाय?"

मी हसलो होतो. तूही हसलीस. ती गंमत होती का सांगून ठेवलं होतंस, हे मी तेव्हा विचारलं नाही.

"दादा," मी म्हणालो, "पेटी नको. दुपारला न्या."

"तुला तोंड बघाय मिळायचं न्हाय."

"न्हाय मिळू दे."

तो म्हणाला, "बरं," आणि फोन ठेवला. मी पाइप उचलला आणि उरलेली मशीनं धुतली. दुसरं काय करायचं ते कळेना. खाली इमारतीत माणसं गार हवेत बसली होती.

त्यानंतरचे दिवस मी नीट झोपलो नाही. विमान तसंही पकडलं नाही, पोचून काय करणार होतो? सारखं वाटायचं, ती गंमतच असेल. माझ्यासाठी थांबायला तू एक दिवसाचं गार सोसलं असतंस. माझ्या अडीअडचणीत तू काय काय सोसलंस, आणि मी एका वाक्यावरून तुला घाईनं वाटेला लावलं. तार दोनदा बघणारा मी, इथं एकदाच बघून मोकळा झालो.

मग शुक्रवार आला. आंघोळ केली, जेवलो आणि सवयीनं तुझा नंबर लावला. घंटी वाजायला लागली तेव्हा लक्षात आलं. बंद करणार, एवढ्यात कुणीतरी उचलला.

"परशा न्हवं? मी शांता. तानाजी दिवा बघाय सांगून बाजारला गेलाय. मला वाटलंच तू लावशील."

मग तिनंच सांगितलं, मी न विचारता. की दुपारपर्यंत तुला पुढच्या सोप्यात ठेवलं होतं, दारं सताड उघडी टाकून. की उकाडा फार होता. की वखारीतल्या बायका एकेक करून आल्या, काही काठी टेकत, काही नातवाच्या गाडीवरून, आणि तुझ्याशेजारी बसून पुठ्ठ्यानं, पदरानं, सुपानं तुला वारा घालत राहिल्या. एकीचा हात दुखला की दुसरी.

"लाईट होती की," मी म्हणालो. "पंखा होता."

"होता. कुणी लावलाच न्हाय," शांताक्का म्हणाली. "जनमभर एकमेकीला वारा घालाय मिळाला न्हाय रं आमाला, पाला उडतोय म्हणून. तवा घातला. तू पेटी नगो म्हणालास ते बरं झालं. पेटी असती तर काय, काचंला वारा घालणार हुतो?"

आत्ती, मी रडलो तो तेव्हा. गच्चीवर नाही, तेव्हा.

शांताक्कानं मला रडू दिलं. मग घसा खाकरला आणि तुझ्याच सुरात विचारलं, "बरं, आज काय आणलंतंस?"

"म्हणजे?"

"म्हंजे काय? भोकातनं सगळं ऐकाय येतंय की. दोन वरसं झाली, शुक्रवारी मी बी भिंतीला टेकून बसते. तुजी आत्ती म्हणायची, शांता, वाईच कमी खोक, पुढचं ऐकू येईना." ती हसली. "त्या पुसणाऱ्या बाईचं पुढं काय झालं ते तेवढं सांग. ती इचारून इचारून गेली."

ते मला त्याच आठवड्यात सापडलं होतं. तू गेलीस त्याच्या दोन दिवस आधी. शुक्रवारी सांगायचं म्हणून राखून ठेवलं होतं, तू कशी ऐकशील ते मनात बघत. तुझ्यासाठी ठेवलेलं मी शांताक्काला सांगितलं. की लई वर्षांनी तिच्या देशातल्या लोकांना कळलं, ही युक्ती तिची. मोठमोठ्या शोध लावणाऱ्यांच्या रांगेत तिचं नाव घातलं, मान दिला.

"मग? तिला कळलं काय?"

"न्हाय, शांताक्का. ती कवाच गेलती."

भोकातनं गल्लीतला आवाज येत होता, कुणाची तरी सायकल, कुणीतरी पोराला हाक मारत होतं.

"मान दिला ते ठीक," शेवटी ती म्हणाली. "पर ती असताना कुणीतरी जाऊन सांगाय पायजे हुतं रं. बाई, तुजी दांडी चालती म्हणून."

आत्ती, तू असताना मी सांगितलं नाही. कॅम्पातल्या त्या पायरीवर तू तारेचं जे बोललीस, ते अजून चालतंय.